चार म्हातारी माणसं कुठेही चालतील

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले सर, त्यांचे डॉक्टर चिरंजीव, सूनबाई, आणि सभागृहात जमलेल्या माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्याआधी बोललेले वक्ते मोठे. माझा जन्म शिवणयंत्रावर वाकण्यात गेला, माईकपुढे उभं राहायची सवय नाही. पण सर वस्ती सोडून मुलाच्या नव्या घरी निघालेत, तेव्हा त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनीनं दोन शब्द बोलावेत, असं मंडळाचं म्हणणं पडलं. ती विद्यार्थिनी मी.

सर शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं घरात बसतात, सर बागेत आले. आपल्या कोपऱ्यावरच्या त्या बागेत तेव्हा वाळकी पानं आणि मोडकी बाकं, दुसरं होतं काय? माझी कंबर धरलेली. एकदा मी फाटकापाशी टेकले होते, तर हे समोर उभे. म्हणाले, "वहिनी, कंबर दुखते म्हणून बसता, की बसता म्हणून दुखते?" मला असा राग आला! पण दुसऱ्या दिवशी गेले. आधी अर्धी फेरी, मग एक.

माझ्यामागून कोण कोण आलं! रात्रपाळीची नर्स घरी जाताना दोन फेऱ्या मारून जायची. बँकेतले कॅशियर पोट सांभाळत दोरीवरच्या उड्या मारायचे आणि आम्ही बायका तोंडाला पदर लावायचो. हसू नका कॅशियरसाहेब, उतरलं की नाही पोट? साखरेच्या गोळ्या कमी झालेली माणसं या सभागृहात बसली आहेत. हे श्रेय सरांचं आहे. ते मी आजही नाकारत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. घरातल्या सगळ्यांनी आशा सोडली होती, त्यांनी स्वतःही. सर घरी आले आणि म्हणाले, "यांना खाली आणा, पुढचं मी बघतो." बागेच्या कठड्याला धरून त्यांनी जाऊबाईंना चालवलं. रोज, आई मुलाला चालवते तसं. एके सकाळी जाऊबाई माझ्यावर खेकसल्या, "हात सोड गं, मी काय लहान आहे?" आणि झाडापासून बाकापर्यंत एकट्या गेल्या. त्या दिवशी सरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. ते खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं.

अध्यक्षसाहेब, तुम्ही घड्याळ बघताय. आवरतेच.

बागेच्या जागी वाहनतळ करायचा विचार आहे, अशी कुणकुण लागली तेव्हा आम्ही सगळे सरांकडे धावलो. सर म्हणाले, "मी आहे ना." एवढं पुरलं आम्हाला. नगरपालिकेच्या कचेरीत रहिवाशांचं म्हणणं ऐकणार होते. कामाचा दिवस, बाकीच्यांना सुट्टी मिळेना. सर आपल्या वतीनं बोलणार म्हटल्यावर जायची गरज काय? मी मात्र गेले. सरांना धीर वाटावा म्हणून! मागच्या खुर्चीवर बसले. सर उभे राहिले आणि मी टाळ्यांसाठी हात वर घेतले.

सर म्हणाले, "खरं सांगायचं तर बाग ओसच असते. चार म्हातारी माणसं येतात. ती काय, कुठेही चालतील."

माझे हात तसेच राहिले. वाटलं, आपल्याला ऐकू कमी येतं की काय. नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे रहिवाशांची हरकत नाही?" सर म्हणाले, "नाही."

जिन्यात मी त्यांना गाठलं. मला बघून ते दचकले. मी म्हटलं, "सर, हे काय केलंत?" ते म्हणाले, "वहिनी, मुलाचा दवाखाना बागेला लागून आहे. गुडघ्यांचे पेशंट येतात, गाडी लावायला जागा नाही. बापाचं मन तुम्हाला कळेल." मी म्हटलं, "आणि जाऊबाई?" तर म्हणाले, "त्यांना घरातल्या घरात चालवा."

डॉक्टर, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाला यातलं किती ठाऊक होतं, मला माहीत नाही. मुलासाठी झटणं हा काही गुन्हा नव्हे. सरांनी आमच्यासमोर येऊन सांगितलं असतं, की माझ्या पोराची अडचण आहे, मला तुमच्या बाजूनं बोलता येणार नाही, तर आम्ही भांडलो असतो, रुसलो असतो, पण दुसरा कोणी तरी बोलायला पाठवला असता. परकं माणूस असं बोललं असतं तर शिव्या देऊन मोकळे झालो असतो. पण ज्यानं आम्हाला एकेकाला घरातून ओढून बाहेर काढलं, त्यानंच सांगावं की तिथे कोणी नसतं?

मी हे आजवर जाऊबाईंखेरीज कुणाला बोलले नाही. बाग गेली, वाहनतळ झाला, तुम्ही सगळे नगरपालिकेला बोल लावत राहिलात आणि मी गप्प ऐकत राहिले. पण सरांनी बागेसाठी शेवटपर्यंत लढा दिला, असं मघाशी एका वक्त्यांनी सांगितलं, टाळ्याही पडल्या आणि सरांनी हात जोडले. तिथे माझ्यानं राहवलं नाही.

आता नर्सताई थेट घरी जाते. आम्ही दोघीतिघी रस्त्याच्या कडेनं चालून बघितलं, गाड्यांनी ते सोडायला लावलं. जाऊबाई घरात कॉट ते मोरी एवढंच चालतात, पाय पुन्हा ओढायला लागलाय. आज त्यांना म्हटलं, खुर्चीत बसवून आणते, चला. नको म्हणाल्या. "एवढंच विचार, बोलताना माझी आठवण झाली होती का?"

सर, उत्तर माईकवरून द्यायची गरज नाही. घर आमचं तुम्हाला ठाऊक आहे. जायच्या आधी जमलं तर या.

नव्या घरी तुम्हाला आरोग्य लाभो, हे मनापासून. मंडळानं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सर, तुमचं मात्र माझ्या पोटात अजून जात नाही. खोटं कशाला बोलू?

नमस्कार.