मास्तरांच्या बोटांतला धवला

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या सरपंच अनिताताई, व्यासपीठावर बसलेले मान्यवर, शहापूर-मुरबाडहून आलेली बँडवाली भावंडं, आणि जेवण तयार होईपर्यंत मला सोसणारे डोळखांबकर, सर्वांना नमस्कार.

नवतरंग बँडचे यमाजी मास्तर यांना मात्र वेगळा नमस्कार. सव्वीस वर्षं मी त्यांच्या मागे साइड ड्रम वाजवला. आजही हातात माईक घेतला तर वाटतं, आता म्हणतील, "धाकलू, ठेका पळतोय रे!"

मास्तर आज निवृत्त होताहेत. कारण चारचौघांत सांगू नये, पण लपतंय कुठे? पुढचे दात गेले. क्लॅरिनेटला वरचे दात टेकावे लागतात. कवळी लावून पाहिली, तर क्लॅरिनेट राहिलं बाजूला आणि कवळीच वाजायला लागली.

आमच्या बँडने काय वाजवलं नाही? वरातीत सिनेमाची गाणी, पालखीपुढे अभंग, गौरीच्या नाचाच्या चाली, पाड्यावर गेलो की ट्रम्पेटवर तारप्याची चाल. असंच एकदा मुरबाडकडच्या लग्नात नवरी मांडवात येताना आम्ही मोठ्या भक्तिभावाने एक अभंग धरला. नवरीची आजी ताडकन उठली. "अरे, कोन मेलाय का आमच्या घरात?" त्या गावात तो अभंग फक्त तिरडीपुढे म्हणतात. आम्हाला काय ठाऊक? वऱ्हाड अंगावर आलं. मास्तरांनी टोपी काढली आणि सरळ आजीच्या पायाशी बसले. "आजी, चुकलो. तुमच्यात काय म्हनतात ते तुमीच सांगा." आजीने रागारागातच धवला म्हटला, लग्नात आमच्याकडच्या बायका म्हणतात तो. मास्तरांनी तो तिथल्या तिथे क्लॅरिनेटवर उचलला आणि लग्न पार पडलं.

तेव्हापासून नियमच झाला. सुपारी कुठलीही असो, हळदीच्या दिवशी मास्तर नवरीच्या घरी जाणार आणि सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडून त्या घरचा धवला ऐकून घेणार. आम्ही चिडवायचो, की मास्तर मांडवापेक्षा चुलीपाशीच जास्त बसतात. गावागणिक चाल वेगळी, घरागणिक तिचं वळण वेगळं. लिहून ठेवलं नाही कुणी. सगळं यांच्या बोटांत.

माझ्या बहिणीच्या, ललिताच्या लग्नात आमच्या आईने, सकुबाईने, त्यांना असाच धवला सांगितला होता. आई जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा ललिताच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ललिताने विचारलं, "दादा, आयचा धवला कसा रे होता?" मला शब्द आठवले. चाल काही केल्या आठवेना. तिलाही आठवेना. मंडळी, मी वाजवणारा माणूस, आणि ड्रमच्या नादात आईची चाल कधी नीट ऐकलीच नव्हती! फार लाज वाटली.

गेल्या महिन्यात मास्तरांकडे गेलो. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. नुसती हवा. पण बोटं चालत होती! त्यांची नात प्रियांका दोन वर्षं तेच वाद्य शिकतेय. ती समोर येऊन बसली आणि आजोबांच्या बोटांकडे बघत आपल्या क्लॅरिनेटमध्ये फुंकू लागली. आणि माझी आई घरात आली.

तिसऱ्या ओळीला बोटं थांबली. मी म्हटलं, "मास्तर, विसरलात?"

"नाय रे. तिथं तुझी आय थांबली होती. पोर जायची म्हनून रडू आलं तिला. पदर लावला डोळ्यांना, मंग पुढं म्हनली. जशी म्हनली, तशीच ठेवली मी."



मास्तरांचे आभार मानायची माझी लायकी नाही. अध्यक्षांचे, आयोजकांचे मानतो, आणि मुरबाडच्या त्या रागीट आजीचेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर घरचा समजून पोटात घाला. आता प्रियांका आईचा धवला वाजवेल. ललिता पुढच्याच रांगेत बसली आहे. एकच विनंती आहे. तिसऱ्या ओळीला सूर थांबेल, तेव्हा टाळ्या वाजवू नका. धवला संपलेला नसेल. आई डोळे पुसत असेल.