चौथे पाते

मी, आस्ता वाहेर, वय ५५ वर्षे, धंदा शेती व घरकाम (पूर्वी सामुदायिक शेतीच्या गोठ्यात दूध काढण्यास होते), राहणार कादाक्कुला गाव, सारेमा बेट, एस्टोनिया. आज मंगळवार दिनांक २२ जून १९९३ रोजी कुरेसारे पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी माझे पती एंडेल वाहेर, वय ५७ वर्षे, यांच्यासह राहत होते. आम्हाला तीयू नावाची एक विवाहित मुलगी असून ती ताल्लिनला असते. आमच्या शेताच्या टेकाडावर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेली लाकडी पवनचक्की आहे. ती दगडी ओट्यावर एका जाड खांबाभोवती उभी असून मागच्या वाशाला जोर लावून ती वाऱ्याकडे वळवावी लागते. सोव्हिएत राजवटीत, सामुदायिक शेतीच्या काळात, तिच्यात कोंबड्या ठेवत. जमीन परत मिळण्याच्या आधीपासूनच माझे पती सुट्टीच्या दिवशी तिची डागडुजी करत. पाती, चाकांचे दाते, जिना, सर्व त्यांनी हाताने केले. मागील वर्षी ती दुरुस्तीनंतर प्रथम फिरली. तेव्हापासून उन्हाळ्यात लोक बघायला येतात.

विल्लेम वाहेर, वय ६९ वर्षे, राहणार गोथेनबर्ग, स्वीडन, हे माझे थोरले दीर. सासरे १९४२ साली आजाराने वारले, तोवर विल्लेम त्यांच्या हाताखाली चक्कीवर काम करत. १९४४ च्या शरदात, सैन्यात ओढून नेतील म्हणून, ते मासेमारीच्या होडीतून स्वीडनला गेले. तेव्हा माझे पती आठ वर्षांचे होते. त्यानंतर दोघे भाऊ थेट गेल्या गुरुवारी बंदरावर भेटले. मी सोबत होते. माझ्या पतींनी त्यांना आधी ओळखले. ते म्हणाले, "टोपी काढ बघू." विल्लेम यांनी टोपी काढली. "हां, तोच. बाबांसारखंच टक्कल पडलंय." मग दोघे तिथेच उभे राहिले. लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

विल्लेम यांना त्याच दिवशी चक्की बघायची होती. पण वारा नव्हता. त्यांनी आत जाऊन जात्यावर हात फिरवला, वासे हुंगले आणि म्हणाले, "कोंबड्यांचा वास येतोय." माझे पती म्हणाले, "तो जायचा नाही. आता तो आपलाच वास समज." आम्ही हसलो.

शनिवारी विल्लेम यांनी आईच्या थडग्यावर फुले वाहायची म्हटले. माझे पती आदल्या दिवसापासून ते टाळत होते, हे माझ्या लक्षात आले होते. दफनभूमीत सासऱ्यांच्या शेजारी सासूबाईंच्या नावाचा दगड आहे. विल्लेम तिथे गुडघे टेकून बसले व दगडाशी काही बोलू लागले. आमची शेजारीण सेल्मा ओर्ग, वय अंदाजे ७०, पलीकडे झाडांना पाणी घालत होती. ती भल्या मनाची बाई आहे. तिच्या मनात काही वाईट नव्हते. ती म्हणाली, "विल्लेम, दगड आहे नुसता. तुझी आई तिकडेच राहिली रे, सायबेरियात. आणणार कोण?"

विल्लेम यांना ही गोष्ट माहीत नव्हती. माझ्या सासूबाईंना व पतींना मार्च १९४९ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी घरातून उचलून सायबेरियात नेले होते. सासूबाई दुसऱ्या हिवाळ्यात तिथे वारल्या. माझे पती एकटे परत आले. परदेशी जाणारे टपाल उघडून वाचत, त्यात असले काही लिहिता येत नसे. म्हणून त्यांनी भावाला कळवले होते की आई घरी, झोपेत, शांतपणे गेली. पुढे लिहिता आले असते. पण तोवर पुष्कळ वर्षे झाली होती.

सेल्मा ओर्ग हिने शनिवारी संध्याकाळी आमच्या घरातून भांडणाचा आवाज ऐकल्याचे सांगितले आहे. ते खरे आहे. जेवणाच्या टेबलावर मी हजर होते. ताटात धुरावलेला मासा व बटाटे होते. विल्लेम यांनी काही खाल्ले नाही.

ते म्हणाले, "खिडकी उघडी होती म्हणालास. सफरचंदाला बहर आला होता म्हणालास. इतकी वर्षं मी ते झाड डोळ्यांसमोर आणत आलो."

माझे पती म्हणाले, "मग बिघडलं काय? बरं झाड होतं."

"कशानं गेली?"

"थंडीनं. भुकेनं. काय करायचंय आता?"

"कशासाठी नेलं तुम्हाला?"

"चक्की होती म्हणून. चक्की असली की तू श्रीमंत, तू शत्रू. गावातली चक्कीवाली सगळी घरं गेली."

"वाहेर लोकांची एकट्यांची चक्की नव्हती. शेजारच्या घराचीही होती, ते नाही गेलं. सेल्माच्या घरचीही होती, ती गेली नाही. एंडेल, खरं सांग."

माझ्या पतींनी मग टेबलावर हात आपटला. पेला पडून फुटला. ते ओरडले, "हो! तू पळालास म्हणून! एक जण स्वीडनला आहे म्हणून! झालं समाधान? हेच ऐकायला समुद्र ओलांडून आलास?"

एवढेच भांडण झाले. कोणी कोणाच्या अंगावर धावून गेले नाही. जमिनीच्या वाटणीवरून भांडण झाले का, असे मला विचारण्यात आले. नाही. विल्लेम यांनी आपला हक्क सोडल्याचे आल्याच दिवशी सांगितले होते. भांडणानंतर ते म्हणाले की मी सकाळच्या बोटीने जातो. माझे पती बाहेर निघून गेले. मी काचा गोळा केल्या.

रविवारी सकाळी माझे पती लवकर उठून टेकाडावर जाऊन आले. विल्लेम बॅग भरून पायरीवर बसले होते. माझे पती त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "वारा आलाय."

विल्लेम यांनी बॅगेचा पट्टा आवळला.

"चक्की बघायला आलास ना? बघून जा. बोट काय, उद्याही असते."

विल्लेम यांनी झाडांकडे पाहिले व म्हणाले, "जरा जास्तच वाटतो."

"स्वीडनमध्ये राहून म्हातारा झालास तू."

यावर विल्लेम हसले. बॅग पायरीवरच ठेवून ते उठले. माझ्या माहितीप्रमाणे दोघांमधले भांडण तिथे मिटले. तोंडाने कोणी तसे म्हटले नाही. आमच्याकडे तशी रीत नाही.

चक्की सुरू करण्याची पद्धत विचारल्यावरून सांगते. चारही पात्यांवर शिडाचे कापड बांधावे लागते. एक जण खाली, समोरच्या बाजूला, जमिनीजवळ आलेल्या पात्यावर कापड बांधतो. दुसरा आत ब्रेकच्या दोरीशी उभा असतो. जिना व दार मागच्या बाजूला असल्याने आतल्याला समोरचे काही दिसत नाही. खालचा "सोड" म्हणाला की आतला दोरी सैल करतो, चक्की पाव फेरा घेते, पुढचे पाते खाली येते. "धर" म्हटले की ब्रेक आवळायचा.

विल्लेम म्हणाले, "ब्रेक मला दे. मीच धरायचो. बाबा कापडं बांधायचे आणि तू मध्येमध्ये यायचास." माझे पती म्हणाले, "जा, चढ." विल्लेम यांच्या डाव्या कानात ऐकण्याचे यंत्र आहे. माझ्या पतींना ते माहीत होते. मलाही माहीत होते.

मी दळायची बार्ली घेऊन चक्कीच्या बाजूला, माझ्या पतींपासून साधारण एका गाडीच्या लांबीवर उभी होते. सेल्मा ओर्ग दगडी कुंपणापाशी, बरीच लांब होती. तीन पात्यांवर कापड चढले. प्रत्येक वेळी माझ्या पतींनी "सोड" व "धर" असा आवाज दिला आणि आतून बरोबर तसे झाले. दुसऱ्या वेळी आतून विल्लेम ओरडले, "आवाज बाबांसारखा झालाय रे तुझा!" माझे पती माझ्याकडे बघून हसले.

चौथ्या पात्यावर कापड बांधताना दोरीचा पीळ त्यांच्या मनगटाभोवती होता. तेवढ्यात समुद्राकडून झोत आला. चक्की करकरली. माझे पती ओरडले, "अजून सोडू नकोस!" हे सर्व शब्द मी ऐकले. सेल्मा ओर्ग हिने फक्त "सोड" ऐकले असे तिने सांगितले आहे, तेही खरे असणार. ती लांब होती आणि वारा तिच्याकडे वाहत नव्हता. आत दात्यांजवळ काय ऐकू आले असेल हे मी सांगू शकत नाही.

ब्रेक सुटला. पात्याने माझ्या पतींना उचलले. दोरी मनगटातून निसटल्यावर ते खाली पडले. ते जिवंत होते. हातावर जोर देऊन उठत होते. मी "पडून राहा" असे ओरडले. मागून येणारे पाते त्यांच्यावर आले.

यानंतर मी जे पाहिले ते नीट लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. विल्लेम मागच्या जिन्याने खाली उतरून चक्कीला वळसा घालून पुढे आले. ते भराभर चालत होते, या वयात चालवेल तेवढे. टोपी हातात होती. ते मोठ्याने म्हणत होते, "फिरली! एंडेल, फिरली रे, बघितलंस का?" त्यांचे तोंड हसरे होते. मी त्यांचा चेहरा समोरून पाहिला. ज्याला माहीत आहे की चक्कीच्या पुढच्या बाजूला काय झाले आहे, तो माणूस असा येत नाही. मग त्यांनी पाहिले.

चक्की फिरतच होती. ब्रेक ओढायला कोणी नव्हते. ती मी वर जाऊन थांबवली. खाली आले तेव्हा विल्लेम माझ्या पतींना कडेला ओढून त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर आले तेव्हा त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते.

आपल्या शिपायासमोर विल्लेम म्हणाले, "मीच मारलं. आईला मारलं, आता यालाही. लिहून घ्या." ते मी ऐकले आहे. त्यावरून त्यांना इथे ठेवले आहे, असे मला कळले. त्यांनी ब्रेक सोडला हे खरे आहे. तो सोडायचा म्हणून सांगितले असे समजून सोडला, असे माझे म्हणणे आहे. ते आता स्वतःबद्दल काहीही लिहून देतील. त्यांच्या सहीवर जाऊ नये.

मयताचा अंत्यविधी येत्या शनिवारी, मध्य-उन्हाळ्याच्या सणानंतर, गावच्या चर्चमध्ये आहे. खांदा द्यायला जावई व शेजारी आहेत. रक्ताच्या नात्यातला पुरुष कोणी नाही. विल्लेम यांचा पासपोर्ट आपण ठेवून घ्यावा, हवा तर शिपाई सोबत द्यावा, पण त्या दिवशी त्यांना खांदा द्यायला पाठवावे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

चौकशी संपेपर्यंत त्यांना माझ्या घरी राहू देण्यास माझी हरकत आहे का, असे मला विचारण्यात आले. त्यांची बॅग अजून पायरीवर आहे. मी ती आत घेतलेली नाही व रस्त्यावरही ठेवलेली नाही. तसेच लिहावे.

माझा हा जबाब अधिकाऱ्यांनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना एका ठिकाणी "आरोपी" असा शब्द आला, तो खोडून तिथे "मयताचा भाऊ" असे मी लिहून घेतले. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरले आहे.

(सही) आस्ता वाहेर