नारिंगी पट्ट्या

(जेवणाचं टेबल. त्यावर नवा प्रिंटर, शेजारी उघडं खोकं. दुपारचे तीन.)

आई : आता काय म्हणतोय?

बाबा : फोन म्हणतोय, प्रिंटर सापडत नाही.

आई : सापडत नाही? समोर तर बसलाय, रुसलेल्या जावयासारखा.

बाबा : मला दिसून काय उपयोग. त्याला दिसायला हवा.

आई : सकाळी दहापासून चाललंय तुमचं. मी शिलाई मशीन आणलं त्या दिवशी दोरा ओवला आणि संध्याकाळच्या आत चार अभ्रे शिवून दिले.

बाबा : तुझ्या मशीननं तुझी जन्मतारीख विचारली नव्हती. यानं विचारली. ईमेल विचारला, देश विचारला. बसचं लायसन काढताना मला एवढं कुणी विचारलं नाही. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन येऊ का? दोन मिनिटांचं काम.

आई : त्याच्याकडे नाही. गेल्या वर्षी हॉल तिकीट त्यानंच छापलं. मी नापास झाले, तर महिनाभर गिऱ्हाइकांसमोर विचारत होता, ‘काय काकू, यंदा कितवी?’ त्याच्यापायीच हे धूड घरात आणलंय.

बाबा : उद्या अकराला पेपर आहे. कागद नसेल तर दारातून आत घेणार नाहीत.

आई : मला सांगताय?

बाबा : मग लेकीला फोन लावतो, स्पीकरवर.

आई : लावा. पण दहावीचा विषय काढायचा नाही. मास्तरीण आहे ती.

बाबा : हॅलो. अगं, शाळा सुटली का? एक प्रिंटर आणलाय घरी. लागत नाहीये.

लेक : प्रिंटर? तुम्हाला कशाला, बाबा?

बाबा : लाईटचं बिल छापायला.

लेक : बिलासाठी कुणी प्रिंटर आणतं? बरं, असू दे. त्याला वायफायचा पासवर्ड दिलात?

बाबा : तो कुठे असतो?

लेक : वायफायच्या डब्याच्या बुडाशी लिहिलाय.

आई : त्याला मी खोळ शिवलीये. थांब, बटणं काढते.

लेक : आई, तो डबा तापतो. खोळ कशाला?

आई : धूळ बसते. प्रिंटरचीही शिवून ठेवलीये, नाडीची. हं, वाचते. तीन, सात, मग इंग्रजी के. मोठा की लहान, कळत नाही बाई.

लेक : दोन्ही करून बघा.

बाबा : लहान नाही चालला. मोठा. थांब... लागला. दिसला त्याला प्रिंटर.

लेक : आता कोरा कागद घाला आणि बिल छापा.

बाबा : घातला. खर्र खर्र करतोय. घाटात गिअर अडकावा तसा. लाल दिवा लागला. शाईची डबी हलत नाही म्हणतोय.

लेक : आतल्या नारिंगी चिकटपट्ट्या काढल्यात ना?

बाबा : सकाळीच काढल्या. चारच्या चार.

लेक : झाकण उघडून बघा.

बाबा : अगं, या आहेत की. मी काढल्या होत्या. देवाशपथ काढल्या होत्या.

आई : मी परत लावल्या.

बाबा : तू?

आई : तुम्ही चहा घेत होतात तेव्हा. नवी वस्तू, आत केर जाईल म्हटलं.

लेक : आई, टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाहीस तू. आठ वर्षं झाली.

आई : म्हणून तर चालतोय अजून.

बाबा : पाच तास. पाच तास मी या यंत्राला शिव्या घालतोय.

आई : घालून झाल्या असतील तर पट्ट्या काढा.

बाबा : काढल्या. आला, कागद आला. पण हे काय? उजवी कड कापली गेली. नंबराचे शेवटचे तीन आकडे बाहेरच राहिले.

आई : कापड कमी पडलं.

लेक : पानाचं माप चुकलंय. ती फाईल मला पाठवा, इथून बसवून देते.

बाबा : नको, तसंच चालेल.

लेक : कसं चालेल? बिलावर नंबर नको? पाठवा ना, बाबा.

बाबा : अगं, ते... तुझ्या आईला विचारतो.

आई : पाठवा तिला.

बाबा : नक्की?

आई : पाठवा म्हटलं ना. माझा जीव दमलाय आता.

बाबा : गेली बघ फाईल.

लेक : मिळाली. आई...

आई : हं.

लेक : हे तुझं आहे?

आई : फोटो माझाच आहे ना?

लेक : मला का नाही सांगितलंस?

आई : काय सांगायचं? तू पंच्याऐंशी मार्क घेऊन आलीस, तेव्हा बाकीचे पंधरा कुठे गेले म्हणून तुला उभं करून विचारलं होतं मी. दारातून आतही येऊ दिलं नव्हतं. आणि मला तेव्हा फक्त सही करता येत होती. तीही बघून बघून.

लेक : मला वाटायचं, तू प्रगतिपुस्तक सगळं वाचतेस.

आई : आकडे कळायचे. मापं घेते ना मी. शेरे तुझे बाबा वाचून दाखवायचे, तू झोपल्यावर.

बाबा : चांगले असायचे शेरे.

लेक : फाईल पाठवलीये परत. आता छापा.

बाबा : आला. सगळा आला. नंबर पुरा आहे, फोटोही पुरा आहे.

आई : इकडे द्या. शाई ओली आहे, बोट लावू नका.

लेक : गेल्या वर्षी काय राहिलं होतं, आई?

आई : इंग्रजी, ते उद्या आहे. आणि गणित. बावीस पडले. विचार की आता, बाकीचे कुठे गेले.

लेक : नाही विचारत. गणित कधी आहे?

आई : सोमवारी.

लेक : शनिवारी शाळा सुटली की येते. दोन दिवस बसू आपण.

आई : तू ओरडशील.

लेक : ओरडेन थोडं.

बाबा : बरं, मी आता या पट्ट्या परत लावू का? धूळ जाईल म्हणतेस ना.

आई : राहू द्या. निकालाच्या दिवशी पुन्हा कोण काढत बसणार.