भंडाऱ्याखालची बुरशी

(जुन्नरची पेठ. सज्जनबाईंच्या किराणा दुकानाची पायरी.)

सरूबाई : न्हाई भाभी, आधी पाया पडू द्या, मग काय बोलायचं ते बोला.

सज्जनबाई : अगं, भर बाजारात काय हे! ऊठ बघू. भिमाभाऊ, सांगा ना तुमच्या बायकोला.

भिमा : पडू द्या तिला. सकाळधरनं नुसती रडतीय. मी मेलो असतो तरी येवढी रडली नसती.

सरूबाई : तुमी गप बसा! भाभी, ह्यांची ही मुरलेली कावीळ, दर आठवड्याला इंजेक्शन. त्यात जेवणच तुटलं. मला म्हनले, खंडोबाचा उपास धरलाय. मी येडी, रोज भगर शिजवून म्होरं ठेवतीय!

भिमा : उपास कसला! घास गिळाया गेलं की घशात काटं टोचायचं.

सज्जनबाई : मग बोलायचं नाही का?

भिमा : बोललो असतो तर हिनं दवाखान्यात वढत नेलं असतं. मला वाटलं, सुईच बाधली. ठरवलं व्हतं, आता सुई बंद, देवच बघंल. रोज जिभेवर भंडारा टाकायचो.

सरूबाई : त्येनंच तर घोळ झाला! जीभ कायम हळदीनं पिवळीधमक. आतलं कुणाला दिसनार?

सज्जनबाई : डॉक्टरांनासुद्धा दाखवली नाही?

भिमा : भंडारा बघून रागावत्याल म्हून त्वांड मिटूनच बसलो.

सज्जनबाई : कमाल आहे बाई तुमची! मला तर चहानं कळलं. इतक्या वर्षांत या पायरीवर तुम्ही कधी चहा गार होऊ दिला नव्हता. त्या दिवशी कपावर साय धरली.

सरूबाई : आन मग?

सज्जनबाई : आमचं जैनांचं उकळून गार केलेलं पाणी दिलं, म्हटलं, भरा चूळ. पिवळं गेलं आणि खाली सगळं पांढरं, दही फासल्यासारखं! तसंच रिक्षात घातलं यांना.

सरूबाई : डॉक्टर म्हनले, बुरशी हाय. इंजेक्शन कावीळ दाबतंय, पर त्येनंच अंगातली ताकद उतरली आन बुरशीनं डाव साधला. बुरशीच्या गोळ्या दिल्या. म्हनले, सुई मनानं सोडली असती तर कावीळ पुन्हा लिव्हर खात सुटली असती. लई उपकार झालं भाभी.

भिमा : काल भाकर खाल्ली. ठेच्यासंगं.

सज्जनबाई : ठेचा! आणि इंजेक्शन?

भिमा : परवाच घेतलं. आता शेवटपातुर घेनार. तुमी चहा आणा.

सज्जनबाई : आणते हो. पण सरूबाई, तू बकऱ्याचा नवस बोलली होतीस ना?

सरूबाई : बोलले व्हते. पर त्ये बकरू आमच्या कळपात सोडलं. देवाला हात जोडून सांगितलं, ज्या माउलीनं ह्यांचं त्वांड उघडून बघितलं, तिला कापलेलं चालत न्हाई.

सज्जनबाई : अगं बाई... मग देव काय म्हणाला?

भिमा : काय म्हनंल? बकरू चरतंय की.