आमची आनहुई

शांघायच्या दवाखान्यात रांगेत तांगताई आणि त्यांची शेजारीण वेनवहिनी माझ्यापुढेच होत्या. मी ऐकत नव्हतो, माझे कानच मोठे!

"वहिनी, सणासाठी बाल्कनीत टांगलेलं खारवलेलं मांस सापडलं."

"कुठे?"

"यांनीच कपाटात ठेवलं होतं, आणि विसरले."

"अन् तुम्ही कामवालीला चोर म्हणून हाकललंत!"

"बाहेरगावच्या सगळ्या तसल्याच, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणायची पद्धत असते हो. बोलवा की परत."

"फोन बंद आहे. तिच्याशिवाय हे जेवत नाहीत. शेवटी मीच कामवाल्या मिळतात त्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी तिचं नाव विचारलं."

"मग?"

"नाव कुणाला ठाऊक? आनहुई प्रांतातली, म्हणून आम्ही 'ए आनहुई' म्हणायचो. तिथेही तशीच हाक मारली."

"आली?"

"बाकावरच्या सगळ्याच उठल्या, वहिनी. आमची तेवढी नव्हती."