कासवाची मान

आणि वर म्हणायचं काय, तर “ताई, मशीन आहेच की घरात!” आहे हो, मशीन आहे, मी कुठे नाही म्हणते? खिडकीखाली आहे, पायाची आहे, तिच्यावर कुंडी ठेवली तरी लोकांना दिसते, चादर टाकली तर चादरीतून दिसते! पण म्हणून काय झालं? घरात बादली आहे म्हणून कुणी मला सगळ्या इमारतीचे जिने पुसायला सांगतं का? नाही ना? मग मशीन असली की माणसांना एवढा आनंद का होतो, ते मला अजून कळलेलं नाही. कुणाची पँट लांब, कुणाची चेन बिघडली, कुणाच्या पिशवीचा बंद तुटला, की चालले माझ्या दाराकडे! अहो, मी काही शिंपी नाही. पडद्यांच्या कडा मारते, उशांचे अभ्रे शिवते, सरळ शिलाई असेल तर सरळ जाते, वळण आलं की देवाचं नाव घेते. एवढीच माझी विद्या.

तर या खेपेला काय आलं असेल? कासव.

हसू नका, कासवच! माझा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो, त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, हातात एक पाकीट घेऊन खाली आली. “ताई, आमच्या पोरीच्या शाळेत नाटक आहे, तळ्यातल्या प्राण्यांचं. ही कासव झालीय. पॅटर्न मी आणलाय, कापड आणलंय, तुम्हाला फक्त जरासं लहान करून शिवायचंय. मशीन आहेच की घरात!” जरासं! पाकीट उघडलं, तर आतून कागद निघाला पापुद्र्यासारखा पातळ, आणि निघतच राहिला. घडी उलगडतेय, उलगडतेय, पलंग संपला तरी कागद संपेना! त्यावर रेघा, तुटक रेघा, बाण, त्रिकोण... कासव आहे की शहराचा नकाशा? आणि माप कुणाचं, तर चांगल्या दणकट, पाचवी-सहावीतल्या मुलाचं. आणि आमचं कासव? पहिलीतलं, काडीसारखं. दोन कासवं बसली असती त्यात, वर पाहुणे आले तर जागा!

आता कासवाची ओळख करून देते. माझी भाची. आम्ही तिला दडूबाई म्हणतो, कारण दारावरची बेल वाजली की ती दडते. पलंगाखाली, पडद्यामागे, माझ्या पाठीमागे. पाहुणे विचारतात, “मुलगी कुठे आहे?” आम्ही म्हणतो, “आहे इथेच कुठेतरी,” आणि पडद्याखाली दोन पाय दिसत असतात. गेल्या वर्षी तिला फूल केलं होतं. स्टेजवर गेली, समोर माणसं बघितली, आणि जी रडायला लागली, की बाईंनी कुंडीसारखी उचलून आत नेली! आणि यंदा हिनेच म्हणे वर्गात हात वर केला. बाई चकित, आई चकित. कासवच हवं, दुसरं काही नको.

का, ते मला माप घेताना कळलं. टेप लावत होते, तर कानाशी आली आणि हळूच म्हणाली, “आत्या, मान आत जाईल ना?”

म्हटलं, “जाईल की.”

“पूर्ण? डोळ्यांसकट?”

“डोळ्यांसकट.”

“वेणीसकट?”

“वेणीसकट, रिबिनीसकट!”

तिने मोठा श्वास सोडला. “मग मी जाईन स्टेजवर. फुलाला आत जाता येत नाही ना, आत्या.”

आता सांगा, एवढं ऐकल्यावर माणसाने काय करायचं? मी शब्द दिला. कासवाला शब्द दिला हो मी! आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

बसले मी खडू घेऊन. खांदा आत घ्यायचा, लांबी कमी करायची, मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती खाच, वर उचलायचा, आणि गळ्याला मात्र हात लावायचा नाही. हळूहळू चाललं होतं. तेवढ्यात आमचे बंधुराज आले. बंधुराज हुशार. कुठलंही काम दुसरा करत असला की त्यांना त्याची सोपी पद्धत सुचते. “ताई, हे काय एकेक रेघ मारत बसलीस? साधा हिशोब आहे. पॅटर्न एवढा, पोरगी एवढी, काढ प्रमाण! मी सरळ झेरॉक्स कमी करून आणतो.” म्हटलं, “अरे, कपडा असा...” पण ऐकायला माणूस होता कुठे? जिन्यात चपला वाजल्या! आला परत कागदांची गुंडाळी घेऊन. तुकडे तुकडे झेरॉक्स. ते आम्ही जमिनीवर बसून चिकटपट्टीने जोडले. झालं बाई एकदाचं कासव, लहानसं, गोंडस, अगदी दडूबाईच्या मापाचं. बंधुराज कंबरेवर हात ठेवून उभे. “बघ! याला म्हणतात डोकं.”

डोकंच! तेच तर झालं.

मला मनात कुठेतरी टोचलं होतं, खोटं नाही सांगत. पण मांडीवर टाचण्यांचा डबा होता, म्हटलं टाचणीच टोचली असेल. आणि कंटाळले होते हो! सकाळपासून वाकून वाकून पाठीचं कासव झालं होतं, कुणीतरी तयार उत्तर हातात दिलं तर कुणाला नको असतं? कापलं. शिवलं. पाठीत जुन्या उशीचा कापूस भरला. कापूस भरताना शिंका किती आल्या, ते विचारू नका. आणि बोलावलं दडूबाईला माप बघायला.

खांदे? बरोबर. लांबी? बरोबर. हात? सुंदर! आणि डोकं... डोकं बाहेरच येईना! अहो, लहान मूल सगळीकडून लहान असतं, पण डोक्याने नसतं! हात बघा, पाय बघा, मोठ्या माणसाच्या निम्मे. डोकं मात्र जवळजवळ आपल्याएवढंच, आल्यापासून तयार! आणि झेरॉक्स मशीनला ते काय माहीत? तिने गळाही त्याच प्रमाणात आवळला. एवढंच काय, शिवणीला सोडलेली माया असते ना, तीही बारीक करून टाकली! बोटभर मायेची झाली दोराभर. उसवून सैल करायचं म्हटलं तर काही शिल्लकच नाही.

तर आता चित्र बघा. पोरगी कापडाच्या आत. भावजय वरून ओढतेय, मी खालून ओढतेय, आणि बंधुराज लांब उभे राहून, “तिरकं ओढा, तिरकं! आधी एक कान घ्या!” भावजय ओरडली, “तुम्ही गप्प बसा हो, गुदमरेल ती!” आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आतून आवाजच नाही. म्हटलं, “बाळा, दुखतंय का गं? श्वास घेता येतोय ना?”

आतून अगदी शांत आवाज आला. “आत्या, इथे छान आहे. तुम्ही जा.”

तुम्ही जा! आम्ही तिघं घामाघूम, आणि ही आत जाऊन स्थायिक!

शेवटी खालूनच बाहेर काढली. कान लाल, केस उभे. रडली नाही हो. रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पण डोकं बाहेर आलंच नाही, तर आत कसं जाणार? तू म्हणाली होतीस, डोळ्यांसकट.” मग जरा विचार केला आणि सांगून टाकलं, “मग त्या दिवशी माझं पोट दुखणार आहे.”

आता बोला! शब्द कुणी दिला होता? मी. कापड कुणी कापलं? मी. आणि कापड संपलेलं. दुकानात गेले, तर तो हिरवा रंग नाही. दुकानदार म्हणतो, “पोपटी देऊ का?” पोपटी मानेचं कासव कुणी बघितलंय? घरी आले, मटकन सोफ्यावर बसले, उशी मांडीवर घेतली... आणि उशीकडे बघितलं. हिरवी. तोच हिरवा! सोफ्याला काय वाटलं असेल ते असो, मी उशी सोलली.

आणि त्यात सूचना! भावजय म्हणते, “ताई, गळा चापून बसवा हं, सैल दिसला की गबाळं वाटतं.” शाळेतल्या बाईंचा फोन, “आत्याबाई, चेहरा नीट दिसला पाहिजे हं, पालक फोटो काढतात.” बंधुराज म्हणतात, “या वेळी मी आधी डोक्याचा घेर काढून देतो.” म्हटलं, बाबा, तू वरच्या मजल्यावर जा. सगळ्यांना चेहरा दिसायला हवा होता, आणि जिचा चेहरा होता तिला तो लपवायचा होता. आणि मध्ये मी, तोंडात टाचण्या धरून! बोलायची सोयच नाही.

पण या वेळी ऐकलं नाही मी कुणाचं. झेरॉक्स गुंडाळून ठेवली. गळा चांगला मोठा कापला, त्याला उशीच्या कापडाची चुणीदार पट्टी जोडली, पट्टीला नेफा केला, त्यात सैलसं इलॅस्टिक घातलं. डोकं वर काढलं की पट्टी मानेशी येते, मान खाली घेतली की डोक्यावर मिटते, पिशवीसारखी. वळणाची शिलाई होती, देवाचं नाव पुष्कळ वेळा घ्यावं लागलं. झालं. पण बघायचं कुणावर? दडूबाई शाळेत. म्हटलं, डोकं तर आपल्याएवढंच असतं ना? घातलं माझ्याच डोक्यात. अंगात कुठलं जातंय, नुसतं डोकं आत आणि कासव खांद्यावर, अशी बसले मशीनपुढे.

आणि बेल वाजली.

“ताई, आहात का? एक पँट होती... जरा खालून मारायची होती... मशीन आहेच की तुमच्या...”

शेजारीण. आणि तुम्हाला सांगते, मी उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा! आत हिरवा हिरवा अंधार होता, कापसाचा वास होता, बाहेरची बेल लांबून कुठूनतरी आल्यासारखी वाटत होती. ती दोनदा वाजली, मग शेजारीण म्हणाली, “नाहीत वाटतं घरात,” आणि गेली. गेली हो! मला तेव्हा कळलं, पोरगी काय म्हणत होती ते. छान होतं तिथे.

असो. नाटकाचा दिवस आला. दडूबाईने घरी मान आत-बाहेर करून बघितली होती, पुन्हा पुन्हा बघितली होती, आणि “पोट बरंय” असं कळवलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, पर्समध्ये सुई-दोरा. पडदा उघडला. बेडूक आले, बदक आलं, मासे आले, आणि मग आमचं कासव आलं. मधोमध उभं राहिलं. समोर बघितलं. एवढी माणसं!

आणि मान आत!

सट्कन! डोळ्यांसकट, वेणीसकट, रिबिनीसकट! वर पट्टी मिटली, राहिली नुसती पाठ. लोक हसले, टाळ्या पडल्या. भावजय माझ्या कानात, “ताई, सांगितलं होतं ना चापून बसवा!” विंगेतून बाई कुजबुजतायत, “कासव... कासव, बोल...” कासव गप्प. टाळ्या संपल्या. मी मनात म्हणते, झालं, माझ्या हाताने मी हिला लपायला घर शिवून दिलं, आता ही कशाला बाहेर येते?

आणि पाठीतून आवाज आला. खणखणीत! “मी या तळ्यात सगळ्यात म्हातारं आहे. सगळ्यांनी माझं ऐका!”

अहो, हा आवाज आम्ही घरात कधी ऐकला नव्हता! बदक आपलं वाक्य विसरलं, पाठीतून वाक्य आलं. बेडूक अडखळला, पाठ म्हणाली, “आता तू उडी मारायची आहेस.” पडद्यांमागे दडून दडून सगळं ऐकायची सवय ना, पूर्ण नाटक पाठ होतं पोरीला! तोंड दिसलं नाही शेवटपर्यंत, पण नाटक चालवलं कासवाने. शेवटी सगळे वाकून नमस्कार करायला उभे राहिले, तेव्हा पट्टीतून आधी रिबीन आली, मग डोळे आले. तिने मला शोधलं. मी हात केला. ती हसली, आणि पुन्हा आत.

मी रडले का? रडले थोडी. पर्समध्ये सुई-दोरा होता, रुमाल नव्हता.

पण डोळे पुसून होतात न होतात, तर भोवती गराडा! बेडकाची आई, “आमच्यालाही पुढच्या वेळी अशीच मान हवी हो.” बदकाची आई, “आमचं तर फार लाजाळू आहे.” बाई म्हणाल्या, “आत्याबाई, पुढच्या वर्षी सगळ्या वर्गाचेच...” आणि मग सगळ्या एका सुरात, तुम्हाला माहीतच आहे काय, “मशीन आहेच की तुमच्या घरात!”

मी तशीच घरी आले, खुर्चीत बसले आणि भावाला म्हटलं, “मला काही नको रे आता. मला फक्त माझ्या मापाचं एक कासव हवंय. मान आत जाणारं. बेल वाजली की आत जाईन म्हणते.”

बंधुराजांनी क्षणभर विचार केला. चेहरा एकदम उजळला. आणि पायात चपला सरकवत म्हणाले,

“त्यात काय ताई! मी सरळ झेरॉक्स मोठी करून आणतो. मशीन आहेच की घरात!”