तीन वेळा डोळे मिचकावा

मिनल: चहा राहू दे, मावशी. आधी हा फोटो बघ.

सुगंधा: अगो, ही तर मीच. मागे आमचीच मांडणी. तुझ्याकडे कसा आला?

मिनल: ऑफिसात आला. संशयित खात्यांच्या फाइलीत.

सुगंधा: कसलं खातं? हा हयातीच्या दाखल्याचा. पेन्शनसाठी नोव्हेंबरात देतो तो. साईराज म्हणाला, आई, बँकेत रांग नको, मोबाइलसमोर तीनदा डोळे मिचकाव. मिचकावले.

अहवाल (मिनलच्या लॅपटॉपवर): खातेदार सुगंधा पालांडे, वय ६७. चेहरा पडताळणी यशस्वी.

मिनल: तुझ्या पोराने त्या चेहऱ्यावर आमच्या कंपनीत डिजिटल नाण्यांचं खातं उघडलं. नाशिकच्या एका रिटायर्ड मास्तरांना कुणीतरी अठरा लाखांना लुबाडलं. त्या पैशांची नाणी झाली, अकरा खाती फिरली आणि तुझ्या नावावर आली.

सुगंधा: तरीच मेला त्या महागड्या बेव्हर्ली पार्कात फ्लॅट बघतोय... पण एवढी फिरली, तर कळलं कसं?

मिनल: ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे त्या नाण्यांच्या वहीत, प्रत्येक हाताची नोंद राहते. कुणालाच खोडता येत नाही. मलाही नाही.

सुगंधा: मग लिही, मीच उघडलं. म्हातारीला काय करणार आहेत?

मिनल: आणि सरूबाईंना?

सुगंधा: सरूबाई कुठून आली मधेच?

मिनल: त्यांचाही फोटो आहे. वैजयंताकाकूंचाही. तुमच्या गोडदेवच्या चाळीतल्या सहाजणी. तू खोटं बोललीस तर त्यांचं खरं कोण मानेल?

सुगंधा: त्यांच्याकडे मीच नेलं गो त्याला. म्हटलं, माझा पोरगा फुकट करून देतो. सरूबाईला एका जागी बसवेना. मी तिची हनुवटी धरली होती.

(कुकरची शिट्टी होते. कुणी उठत नाही.)

सुगंधा: तू आलीयस ते साईराजला ठाऊक आहे?

मिनल: तुलासुद्धा सांगायला बंदी आहे. कळलं तर नोकरी जाईल माझी. उद्या सकाळी फाइल जाणार.

सुगंधा: सहाला येतो तो. आला की आधी जेवायला मागतो.

अहवाल: खाते प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव...

मिनल: मावशी, तू सांगशील तेच लिहीन.

(सुगंधा उठून कुकरखालचा गॅस बंद करते.)

मिनल: मावशी.

सुगंधा: साईराज लिही.

मिनल: पूर्ण लागतं.

सुगंधा: त्याच्या बाबांचं नाव मधे घालावंच लागतं का गो?